‘मला नवीन कल्पना सुचतात’ या उत्तरावर किती विसंबायचं? सर्जनशीलतेची प्रश्नावली तपासून घेण्याची पद्धत

एम.एड. किंवा पीएच.डी.साठी ‘माध्यमिक स्तरावरील विद्यार्थ्यांच्या सर्जनशीलतेचा अभ्यास’ असा विषय ठरला की बहुतेकांचा हात आधी प्रश्नावलीकडे जातो. तीस विधानं, पाच पर्याय, एका तासिकेत अख्ख्या वर्गाची माहिती हातात. मग क्रॉनबॅक अल्फा (विधानं आपापसांत किती जुळतात याचा आकडा) ०.८५ येतो आणि ‘साधन विश्वसनीय व सप्रमाण आहे’ असं एक वाक्य प्रबंधात जातं. त्या वाक्यातला ‘विश्वसनीय’ एवढाच भाग अल्फाने दाखवलेला असतो. ‘सप्रमाण’साठी, म्हणजे साधन जे मोजायचं म्हणतं तेच मोजतं हे दाखवण्यासाठी, अजून काहीच केलेलं नसतं, आणि व्हायव्हात बाहेरचे परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

विद्यार्थी स्वतःबद्दल जे सांगतो त्यातून त्याचं स्वतःबद्दलचं मत कळतं. तो खरोखर काय निर्माण करतो, हा वेगळा प्रश्न आहे. दोन्ही अभ्यासण्याजोगे आहेत, पण एकाच्या जागी दुसरं खपवता येत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या हा गोंधळ टाळण्यासाठी आहेत.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- शाळेच्या मुख्याध्यापकांची लेखी परवानगी. जिल्हा परिषदेच्या शाळा असतील तर शिक्षण विभागाचं पत्रही
- पालकांचं संमतिपत्र आणि मुलांची स्वतःची संमती, दोन्ही वेगवेगळी
- आयती प्रश्नावली वापरत असाल तर मूळ लेखकाची किंवा प्रकाशकाची परवानगी (ईमेलची छापील प्रत चालते)
- तज्ज्ञांसाठी गुणांकन तक्ता; ८ ते १० तज्ज्ञ पुरतात
- पायलटसाठी (आधीच्या छोट्या चाचपणीसाठी) एक वेगळी शाळा, जी मुख्य नमुन्यात नसेल
- जामोवी किंवा जॅस्प ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर. दोन्ही मोफत आहेत आणि या कामाला पुरतात

वेळापत्रक आधी बघून घ्या. दहावीचा वर्ग शाळा सहसा देत नाही. सहामाही परीक्षेच्या तोंडावर मुलं कशीबशी खुणा करून मोकळी होतात, आणि स्नेहसंमेलनाच्या दिवसांत निम्मा वर्ग तालमीला असतो. जुलै-ऑगस्ट सगळ्यात बरा.

## १. आधी दावा लिहा, मग साधन शोधा

सप्रमाणता प्रश्नावलीला चिकटलेली नसते. प्रश्नावलीच्या गुणांवरून तुम्ही जो अर्थ काढता, त्याला ती असते किंवा नसते. म्हणून पहिल्याच दिवशी एका वाक्यात लिहा: ‘या गुणांवरून मी असं म्हणणार आहे की…’

दावे साधारण चार प्रकारचे असतात. विद्यार्थ्याला आपण काही नवं करू शकतो असं वाटतं (सर्जनशील आत्मविश्वास). सर्जनशील असणं त्याला स्वतःच्या ओळखीचा भाग वाटतं. तो रोजच्या आयुष्यात नवं काही करत असतो (वर्तन). आणि त्याच्यात सर्जनशील क्षमता आहे. पहिले दोन दावे प्रश्नावलीवर ठीक उभे राहतात, कारण ते आहेतच मनातल्या मताबद्दल. तिसरा निम्मा उभा राहतो. चौथा एकट्या प्रश्नावलीवर उभा राहत नाही. आराखड्यात ‘सर्जनशीलता’ असा मोघम शब्द असेल तर गाईडशी बोलून आत्ताच बदलून घ्या. विषयाला विद्यापीठाची मान्यता मिळाल्यावर शीर्षक बदलणं किती किचकट असतं ते सीनियरना विचारा.

## २. साधन निवडताना नावापेक्षा विधानं वाचा

प्रत्येक साधनाचा मोजायचा विषय वेगळा आहे. कार्वोव्स्की यांची छोटी मोजपट्टी ११ विधानांची आहे: ६ आत्मविश्वासाची, ५ ओळखीची. रंको आणि सहकाऱ्यांची २३ विधानांची मोजपट्टी कल्पना सुचण्याच्या सवयीबद्दल विचारते. कॉफमन यांची ५० विधानांची मोजपट्टी सर्जनशीलतेची क्षेत्रं वेगळी धरते: रोजचं जगणं, अभ्यास, सादरीकरण, यांत्रिक-वैज्ञानिक आणि कला. कार्सन, पीटरसन आणि हिगिन्स यांची २००५ची प्रश्नावली १० क्षेत्रांतली प्रत्यक्ष कामगिरी मोजते. ती शाळकरी मुलांना देऊ नका. पुरस्कार, प्रकाशित काम अशा गोष्टी आठवीच्या मुलाकडे क्वचितच असतात. बहुतेकांचे गुण शून्याजवळ साचतात आणि विश्लेषणाला काही उरत नाही.

आपल्याकडच्या प्रबंधांत बाकर मेहदी यांच्या चाचण्या वारंवार दिसतात. त्यांची शाब्दिक चाचणी ही प्रश्नावली नव्हे. परिणाम सांगा, वस्तूचे वेगळे उपयोग सांगा, नवे संबंध शोधा, वस्तूत सुधारणा सुचवा अशा चार कृती त्यात प्रत्यक्ष करायच्या असतात. ‘स्वयं-अहवाल’ या शीर्षकाखाली तिचा उल्लेख करण्याची चूक बऱ्याच प्रबंधांत सापडते. शिवाय ती १९७०च्या दशकातली आहे, त्यामुळे तिच्या जुन्या मानकांवरून आजच्या मुलांना ‘उच्च’ किंवा ‘निम्न’ ठरवू नका.

## ३. विधानं: इथे वेळ घालवा

परकी प्रश्नावली मराठीत आणायची तर दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, दोन्ही जुळवून एक मसुदा करायचा, तो मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याकडून परत इंग्रजीत करून घ्यायचा आणि मुळाशी ताडायचा. परतभाषांतर हुबेहूब जुळलं म्हणजे मराठी चांगलं झालं असं मात्र नाही. उलट शब्दाला शब्द ठेवलेलं, मुलांना न कळणारं भाषांतरच सगळ्यात छान परत जुळतं.

एक विधान जवळून पाहू: ‘मी नेहमी नवनवीन व उपयुक्त कल्पना मांडतो.’ यात चार अडचणी आहेत. ‘नेहमी’ विधानातच आहे आणि पर्यायांतही ‘नेहमी, कधीकधी, कधीच नाही’ आहे. मग ‘नेहमी मांडतो’ला ‘कधीकधी’ म्हणजे काय? ‘नवनवीन’ आणि ‘उपयुक्त’ या दोन गोष्टी एकत्र आहेत. कल्पना नवी पण निरुपयोगी असेल तर खूण कुठे करायची? ‘मांडतो’ म्हटल्यावर वर्गात हात वर करणारं मूल पुढे जातं, आणि वहीच्या शेवटच्या पानावर चित्रकथा काढणारं मागे राहतं. चौथी अडचण मराठीची आहे: मुलींनी ‘मांडतो’ वाचून स्वतःबद्दल उत्तर द्यायचं. ‘मांडतो/मांडते’ अशा तिरक्या रेघा तीस वेळा आल्या की वाचायला जाच होतो.

यावर सोपी वाट म्हणजे घडून गेलेली, मोजता येणारी गोष्ट विचारणं: ‘गेल्या तीन महिन्यांत कुणीही न सांगता मी गोष्ट, कविता किंवा नाटुकलं लिहिलं.’ ‘बिघडलेली वस्तू मी स्वतःच्या युक्तीने चालू केली.’ ‘नेहमीच्या खेळाचे नियम बदलून मी नवा खेळ तयार केला.’ अशा वाक्यांत ‘मी लिहिलं’, ‘मी केला’ हे मुलालाही चालतं आणि मुलीलाही. पर्याय ‘एकदाही नाही, १-२ वेळा, ३-५ वेळा, त्याहून जास्त’ असे आकड्यांत ठेवा. मतं विचारायची असतील तर ‘मला सुचतं’, ‘मला जमतं’ अशी रचना घ्या.

‘सर्जनशील’ हा शब्द विधानांत शक्यतो नको. बऱ्याच मुलांच्या डोक्यात त्याचा अर्थ चित्रकला आणि हस्तकला एवढाच असतो. ज्याचं चित्र बेतास बात, तो गणितात वेगळी रीत काढत असला तरी स्वतःला कमी गुण देतो.

उलट अर्थाची विधानं (‘मला नवीन काही सुचत नाही’) दोन-तीनच ठेवा. डोळे मिटून खुणा करणारी मुलं त्यातून सापडतात. पण जास्त झाली तर घटक विश्लेषणात (एकत्र जुळणाऱ्या विधानांचे गट शोधण्याच्या पद्धतीत) नकारार्थी विधानांचाच एक वेगळा घटक तयार होतो आणि संशोधक त्याला ‘सर्जनशील न्यूनगंड’ असं काहीतरी भारदस्त नाव देऊन बसतो. तो घटक केवळ वाक्यरचनेचा असतो.

## ४. तज्ज्ञांना विचारा, आणि मग मुलांनाही

तज्ज्ञांकडून प्रत्येक विधानाला ‘अत्यावश्यक’, ‘उपयुक्त पण आवश्यक नाही’, ‘अनावश्यक’ यांपैकी एक शेरा घ्या. लॉशे यांचं १९७५चं सूत्र सोपं आहे: ‘अत्यावश्यक’ म्हणणाऱ्यांच्या संख्येतून एकूण तज्ज्ञांची निम्मी संख्या वजा करा आणि त्या निम्म्या संख्येने भागा. ८ पैकी ७ जणांनी अत्यावश्यक म्हटलं तर (७ − ४) ÷ ४ = ०.७५, आणि ८ तज्ज्ञांसाठी लॉशे यांची किमान मर्यादा नेमकी हीच आहे. १० तज्ज्ञ असतील तर ती ०.६२. तज्ज्ञ सगळे एकाच महाविद्यालयातले नकोत. एखादे कलाशिक्षक, एखादे विज्ञानशिक्षक आणि एक तरी मानसशास्त्राची व्यक्ती घ्या.

पुढचं काम प्रबंधांत जवळपास कुणीच करत नाही, आणि माझ्या मते सर्वाधिक उपयोग त्याचाच होतो. आठ-दहा मुलांना एकेकटं बसवून प्रत्येक विधान मोठ्याने वाचायला सांगा. मग विचारा: ‘हे तुझ्या शब्दांत सांग. उत्तर देताना तुला काय आठवलं? कुणाशी तुलना केलीस?’ शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट लिहून घ्या. मुलं स्वतःला वर्गातल्या मुलांशी ताडून पाहतात. त्यामुळे हुशार तुकडीतलं मूल स्वतःला कमी देतं आणि तितकंच कल्पक मूल दुसऱ्या तुकडीत स्वतःला भरपूर देतं. हे पायरी ७ मध्ये पुन्हा लागेल.

## ५. प्रश्नावली भरून घेण्याचा दिवस

वर्गशिक्षकांना विनंती करून बाहेर थांबवा. बाई फळ्यापाशी उभ्या असतील तर ‘मी वेगळा विचार करण्याचं धाडस करतो’ला कोण ‘नाही’ म्हणेल? यात गुण नाहीत आणि बरोबर-चूक नाही, हे आधी तोंडी सांगा. एका बाकावर दोघं असतील तर विधानांचा क्रम बदललेल्या दोन प्रती वाटा. शेजारच्याचं बघून खुणा करणं त्याने बरंच थांबतं.

नाव न लिहिता सांकेतिक क्रमांक घ्या: आईच्या नावाची पहिली दोन अक्षरं, जन्मतारखेचा दिवस, हजेरी क्रमांकाचा शेवटचा अंक. हा क्रमांक न घेणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. नंतर चाचणीचे गुण जोडायला जाल तेव्हा कुठला कागद कुणाचा हे कळणार नाही आणि सगळी मेहनत फुकट.

कोणत्या प्रती बाद करायच्या ते माहिती हाती येण्याआधी ठरवा आणि लिहून ठेवा: सगळीकडे एकच पर्याय, एक पंचमांशाहून जास्त विधानं रिकामी, सरळ आणि उलट दोन्ही विधानांना ‘पूर्ण सहमत’.

## ६. अल्फा आणि घटक विश्लेषण: काय सांगतात, काय सांगत नाहीत

विधानं वाढवली की अल्फा आपोआप वाढतो. विधानांमधला सरासरी सहसंबंध (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणं) अवघा ०.२५ असताना ८ विधानांचा अल्फा ०.७३ येतो, त्याच दर्जाची २० विधानं घेतली की ०.८७. मोजपट्टी सुधारलेली नाही, लांबलेली आहे. एकच गोष्ट पाच प्रकारे विचारली तरी अल्फा झकास येतो.

घटक विश्लेषणात किती घटक ठेवायचे हे ‘आयगेनव्हॅल्यू (घटकाने किती फरक टिपला याचा आकडा) १ पेक्षा जास्त’ या नियमाने ठरवू नका, त्याने घटक जास्तच निघतात. समांतर विश्लेषण वापरा, म्हणजे तुमचे आकडे यादृच्छिक माहितीतून येणाऱ्या आकड्यांशी ताडून पाहा. जामोवीत तो पर्याय आहे. आणि शोधक विश्लेषण (घटक शोधणारं) ज्या मुलांवर केलं त्याच मुलांवर पुष्टीकारक विश्लेषण (सापडलेली रचना पडताळणारं) करू नका. स्वतःच काढलेल्या पेपरात स्वतःच पास होण्यासारखं आहे ते. एकूण ५०० मुलं असतील तर निम्मी पहिल्याला, निम्मी दुसऱ्याला.

एवढं झाल्यावर विधानं आपापसांत जुळतात हे कळलं. ती सर्जनशीलतेशी जुळतात का, याला अजून हातही लागलेला नाही.

## ७. बाहेरचा पुरावा

इथे किमान तीन गोष्टी हव्यात: मुलांनी प्रत्यक्ष केलेलं काम, दुसऱ्या कुणाचं मत, आणि जिच्याशी संबंध *नसायला* हवा अशी एक गोष्ट.

प्रत्यक्ष काम. रिकामी पाण्याची बाटली आणि जुनं वर्तमानपत्र, प्रत्येकी ३ मिनिटं, ‘कुणाला सुचणार नाहीत असे उपयोग लिही.’ किंवा एका चित्रावरून दहा ओळींची गोष्ट. हे प्रश्नावलीच्या दिवशी घेऊ नका. आठवडाभराचं अंतर ठेवा, नाहीतर चाचणी कशी गेली त्यावर मूल स्वतःला गुण देतं. उपयोगांच्या चाचणीत प्रत्येक उत्तराच्या मौलिकतेचे गुण नुसते बेरजेत घेतले तर ज्याने जास्त लिहिलं तोच मौलिक ठरतो. म्हणून सरासरी घ्या, किंवा मुलालाच त्याची सर्वोत्तम दोन उत्तरं निवडायला सांगून तेवढीच तपासा.

गोष्टींचं परीक्षण अमाबिले यांच्या १९८२च्या पद्धतीने करता येतं: त्या विषयातले पाचेक जाणकार, एकमेकांशी चर्चा न करता, प्रत्येकाला कागदांचा क्रम वेगळा, आणि कागदांची तुलना आपापसांत. कागद टंकलिखित करूनच द्या. सुवाच्य अक्षराला गुण देण्याची आपल्या शिक्षकांची सवय इतकी मुरलेली आहे की सांगूनही जात नाही.

दुसऱ्याचं मत. ‘हा विद्यार्थी किती सर्जनशील आहे?’ असं शिक्षकांना विचारलं की परीक्षेतल्या गुणांचीच यादी हाती येते. त्यांनाही घडलेल्या गोष्टी विचारा, आणि भाषा, विज्ञान, कला अशा तीन शिक्षकांना विचारा.

आयते निकष मोहात पाडतात. एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेची श्रेणी सहज मिळते, पण ती रेखाटनाचं कौशल्य आणि सराव दाखवते. विज्ञान प्रदर्शनातलं बक्षीस कधीकधी पालकांच्या हौसेचं असतं.

संबंध नसायला हवा अशी गोष्ट. कॅम्पबेल आणि फिस्क यांनी १९५९मध्ये मांडलेली कल्पना आजही कामाची आहे. सोबत अभ्यासातल्या आत्मविश्वासाची एक छोटी प्रश्नावली द्या. समजा तुमच्या प्रश्नावलीचा तिच्याशी सहसंबंध ०.६० आला आणि गोष्टीच्या गुणांशी ०.२४. म्हणजे तुमचं साधन बरंचसं ‘मी भारी आहे’ ही सरसकट भावना मोजतंय. दोन प्रश्नावल्या एकमेकींशी जुळतात त्यात पद्धत एकच असल्याचाही वाटा असतो. म्हणून ‘दुसऱ्या सर्जनशीलता प्रश्नावलीशी ०.७० सहसंबंध’ हा पुरावा दिसतो तेवढा भक्कम नसतो.

आता ०.२४चं काय करायचं? घाबरायचं नाही आणि फुगवायचंही नाही. स्वतःचं मत आणि प्रत्यक्ष चाचणी यांचा संबंध या क्षेत्रात साधारण कमकुवतच येतो. २०० मुलांवर ०.२४ची ९५ टक्के विश्वास मर्यादा (खरा सहसंबंध ज्या पट्ट्यात असण्याचा अंदाज आहे तो) ०.१० ते ०.३७ असते, ती लिहा. प्रश्नावलीची विश्वसनीयता ०.८० आणि गोष्टी तपासणाऱ्या जाणकारांची ०.६० असेल तर मोजमापातली चूक वगळून अंदाज ०.२४ ÷ √(०.८० × ०.६०) म्हणजे सुमारे ०.३५ येतो. तरीही गुणांतला जेमतेम १२ टक्के फरक सामायिक. ‘पी ०.०१ पेक्षा कमी, म्हणून सप्रमाण’ असं लिहू नका. पी लहान म्हणजे संबंध निव्वळ योगायोगाचा नसावा एवढंच, आणि मोठ्या नमुन्यात क्षुल्लक सहसंबंधही असा सार्थ ठरतो.

तुकडीनिहाय तुलनेचा परिणाम इथे काढायचा: प्रत्येक मुलाच्या गुणांतून त्याच्या तुकडीची सरासरी वजा करून सहसंबंध पुन्हा काढा. दोन्ही आकडे द्या.

## ८. मुलगे-मुली, माध्यमं आणि ‘आधी-नंतर’

मराठी, सेमी-इंग्रजी आणि उर्दू माध्यमांची सरासरी थेट ताडून पाहू नका. आधी विधानं सगळ्या गटांत सारखीच चालतात का, हे मोजमाप-समानतेच्या टप्प्यांनी तपासा. प्रत्येक टप्प्यावर सीएफआय (प्रारूप माहितीशी किती जुळतं याचा निर्देशांक) ०.०१ पेक्षा जास्त घसरला तर थांबा. मुलींची सरासरी कमी आली तर ती सर्जनशीलता कमी असू शकते किंवा स्वतःची वाखाणणी करायचा संकोच. प्रश्नावली एकटी हे ठरवू शकत नाही.

कार्यशाळेआधी आणि नंतर तीच प्रश्नावली देण्यात दुहेरी फसगत आहे. मुलांना काय अपेक्षित आहे ते कळलेलं असतं, म्हणून गुण वाढतात. किंवा खरी कल्पकता म्हणजे काय हे कळल्यामुळे ती स्वतःला कडक मोजू लागतात आणि गुण घटतात. उपक्रमाचा परिणाम दाखवायचा असेल तर प्रत्यक्ष काम आणि नियंत्रित गट (कार्यशाळा न मिळालेली मुलं) हवाच.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये प्रगतिपत्रकात स्वयंमूल्यमापन आहे. शिक्षकांनी ते मुलाशी बोलण्यासाठी जरूर वापरावं. त्या गुणांवरून स्पर्धेसाठी किंवा विशेष तुकडीसाठी निवड मात्र नको. निवड होणार हे कळल्या दिवशीच सगळी मुलं ‘पूर्ण सहमत’ होतात.

## ९. प्रबंधात काय लिहायचं

सप्रमाणतेचा परिच्छेद असा असू शकतो (आकडे आणि वर्णन तुमचे घाला): ‘या प्रश्नावलीचे गुण विद्यार्थ्यांचा स्वतःच्या सर्जनशीलतेबद्दलचा विश्वास दर्शवतात असे मानले आहे. ८ तज्ज्ञांच्या शेऱ्यांवरून २२ पैकी १६ विधाने ठेवली. १० विद्यार्थ्यांच्या मुलाखतींनंतर त्यांपैकी ३ विधानांची भाषा बदलली. कथालेखनाच्या गुणांशी सहसंबंध ०.२४ (०.१० ते ०.३७) असून अभ्यासातील आत्मविश्वासाशी ०.६० आहे. त्यामुळे हे गुण सर्जनशील क्षमतेचे माप म्हणून वापरलेले नाहीत.’

शेवटचं वाक्य लिहायला जड जातं, पण परीक्षकांचा पहिला प्रश्न तिथेच निकाली निघतो. परिशिष्टात विधानांचा पहिला आणि अंतिम मसुदा, तज्ज्ञांचा तक्ता, बाद केलेल्या प्रतींची संख्या कारणांसह आणि परवानगीचे ईमेल जोडा. भरलेल्या मूळ प्रती पदवी हाती येईपर्यंत कुलूपबंद ठेवा. सांकेतिक क्रमांकांची यादी त्यांच्यासोबत नाही, वेगळ्या जागी.